मीठ विरघळत होतं तेव्हा

बाबांना रसायनशास्त्र हा शब्द नीट म्हणता यायचा नाही. ते नुसतं 'रसायन' म्हणायचे, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी कुणा वैद्याच्या हाताखाली औषधं कुटते. "आमची बाय रसायन शिकते," हे ते बाजारात भेटेल त्याला सांगत. मी वसईच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या आळीत दहावीच्या पुढे गेलेली मुलगी मीच पहिली.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. आमचं घर उमेळ्याच्या खाडीकडच्या टोकाला होतं आणि घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर मिठागर. जागा आमच्या मालकीची नव्हती, पण आजोबांपासून ते आमच्याच घराण्याने पिकवलेलं. उधाणाच्या भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे लाकडी झडपेचं दार, वर करायचं, समुद्राचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं आणि मग एका कोंडीतून, म्हणजे उथळ वाफ्यातून, दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं फिरवत उन्हात घट्ट करत न्यायचं. शेवटच्या कोंडीची जमीन पायांनी मळून मळून आरशासारखी सपाट केलेली असे. तिथे मीठ धरायचं. लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून काठावर ढीग घालायचे. डिसेंबरात कामाला सुरुवात झाली की मे संपेपर्यंत बाबांच्या पायांच्या भेगा बुजायच्या नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून आई त्यांत खोबरेल भरायची.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज काय शिकवलं?"

"मीठ पाण्यात कसं विरघळतं ते."

बाबा हसले. "त्याला कॉलेजात कशाला जावा लागतं?" मग म्हणाले, "पन खरं सांगू बाय? पान्यातनं मीठ कसं निघतं ते मी तुला सांगेन. ते जातं कसं, ते मला नाय ठाऊक. डोळ्यांदेखत असतं आनि मंग नसतं."

मी आतून मिठाचा एक खडा आणला आणि खडूने ओट्यावर आकृती काढली. मिठाच्या खड्यात दोन जातींचे कण असतात, एक सोडियमचे, दुसरे क्लोरिनचे. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. ते एकाआड एक बसलेले असतात, खाली, वर, आजूबाजूला, प्रत्येकाने शेजाऱ्याला ओढून धरलेलं. म्हणून खडा चौकोनी. पाण्याचा कण मात्र वाकडा. मधे ऑक्सिजन आणि त्याला दोन हायड्रोजन, सरळ रेषेत नाहीत, डोक्याला कान असावेत तसे. डोक्याची बाजू जराशी ऋण, कानांची जराशी धन. खडा पाण्यात पडला की हे वाकडे कण त्याच्यावर सगळीकडून येऊन आदळतात. खड्याच्या कोपऱ्यात बसलेल्या कणाला शेजारी कमी, त्याची पकड ढिली, म्हणून आधी तो सुटतो. मग कडेचे. सोडियम सुटला की पाण्याचे पाच-सहा कण डोकं आत करून त्याला घेरतात. क्लोरिन सुटला की कान आत करून घेरतात. एकदा असा वेढा पडला की त्या दोघांची एकमेकांवरची ओढ संपल्यासारखीच.

"म्हंजे मीठ मरत नाय," बाबा म्हणाले.

"नाही. सुटं होतं नुसतं."

"आनि परत?"

"परतही बसतात काही कण खड्यावर. पाणी मिठाने पुरतं भरलं की जेवढे सुटतात तेवढेच परत बसतात. बघणाऱ्याला वाटतं, विरघळायचं थांबलं."

बाबा पाय आखडून सरळ बसले. "हां! शेवटच्या कोंडीत त्येच होतं. तिथं मूठभर मीठ टाकलंस तर तसंच पडून ऱ्हातं."

जे मला पुस्तकातून कळलं होतं ते बाबांना नाव नसताना ठाऊक होतं, याचा मला फार आनंद झाला. उत्साहात मी पुढचंही सांगितलं. पाणी शांत असेल तर खड्याला लागून असलेला पाण्याचा पातळ थर मिठाने भरून जातो आणि मग मीठ हळूहळू जातं. ढवळलं की तो थर मोडतो, नवं पाणी येतं आणि मीठ भराभर जातं. आई आतून म्हणाली, "हे मला विचारलं असतंस तर मी फुकट सांगितलं असतं." आम्ही तिघं हसलो.

मी बाबांना घरात अरे-तुरेच करायचे. आमच्याकडे तशीच रीत होती. लिहिताना मात्र हात आपोआप मानाने लिहितो.

त्या वर्षी आमच्या मिठागराच्या उत्तरेचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, भरायला घेतलं होतं. इमारती होणार होत्या. दिवसभर मातीचे डंपर यायचे. भराव पुढे सरकत सरकत खाडीच्या नाल्यावर आला आणि नाल्याचं तोंड निम्मं बुजलं. आधी भरतीचं पाणी पसरायला जागा होती, आता ते सगळं आमच्या बांधाला येऊन भिडायला लागलं. बाबा पंचायतीत गेले, तिथून तहसीलला गेले. तहसिलात त्यांना सांगितलं, अर्ज लिहून आणा. अर्ज मी लिहिला. पुढच्या खेपेला सांगितलं, नकाशा जोडा. नकाशा कुणाकडे होता? बाबांनी कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने बांध, नाला आणि उघाडी काढून दिली. ती बघून तिथला माणूस म्हणाला, हे असलं चालत नाही. त्यानंतर बाबा गेले नाहीत. रोज संध्याकाळी काम संपलं की ते आणि मामा मिळून बांधावर चिखलाचे लोंदे चढवायचे.

मामा नात्यातले नव्हते. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून ते आणि मामी दर हंगामाला मिठागरावर यायचे. मी चालायला शिकायच्या आधीपासून यायचे. मामा बोलायचे फार कमी. कोंडीत पाऊल ठेवून, पाणी किती घट्ट झालंय ते त्यांना तळव्याने कळायचं. त्यांच्याबरोबर आणखी दोन जोडपी असायची, ती दर वर्षी बदलायची.

वैशाखाची पौर्णिमा आली. माझी परीक्षा संपली होती, म्हणून आईबरोबर जेवण घेऊन मी मिठागरावर गेले होते. हंगामातलं शेवटचं मीठ ओढून झालं होतं. खालच्या बांधाजवळ चार राशी उभ्या होत्या, प्रत्येक रास बाबांच्या डोक्याहून उंच. डंपरांनी रस्त्याची वाट लावली होती, त्यामुळे मीठ न्यायचा ट्रक आत येत नव्हता. दोन दिवसांत रस्ता नीट करून मीठ न्यायचं ठरलं होतं. पौर्णिमेला भरती भर दुपारची. अकराच्या सुमाराला आम्ही भाकरीचं फडकं सोडत होतो तेव्हा मामा उठले, बांधाशी गेले आणि ओणवे होऊन बघायला लागले.

"दादा, पाझरतंय," ते म्हणाले.

खेकड्याचं बीळ असावं. बोटाएवढी धार येत होती. बाबांनी चिखल भरला, मामांनी वर गोणी दाबली. धार दुसरीकडून निघाली. तिथे गोणी लावली. मग हातभर जागा ओली झाली, मग तिला भेग गेली, आणि मोठासा काही आवाजही न होता बांधाचा एक तुकडा आमच्या बाजूला आडवा झाला. दाराएवढं भगदाड पडलं. बघता बघता बैलगाडी जाईल एवढं झालं. पाणी गढूळ होतं, त्यात पेंढा, प्लास्टिकच्या पिशव्या, भरावातली लाल माती. कोंड्यांच्या मधल्या वरंब्यांवरून ते सरळ राशींकडे आलं.

बाबा ओरडले, "टोपल्या!"

मग आम्ही सगळेच पाण्यात उतरलो. बाबा, मामा आणि दोन्ही गडी फावड्याने टोपल्या भरून देत होते. आई, मामी, त्या दोघी बाया आणि मी त्या डोक्यावर घेऊन वरच्या बांधावर रिकाम्या करत होतो. वरचा बांध पन्नासेक पावलांवर. तळाचा चिखल सुटला होता, पाय घसरत होते. मी दोनदा टोपलीसकट पडले. पाणी घोट्यावर होतं ते पोटऱ्यांवर आलं. जखमांना मीठ झोंबतं तसे तळपाय झोंबत होते, पण त्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

चौथ्या की पाचव्या फेरीला मी राशीपाशी उभी राहून बघितलं. बाबा फावडं मारत होते. एक फावडं टोपलीत येत होतं आणि त्या धक्क्याने दोन फावडी मीठ राशीवरून घसरून पाण्यात जात होतं. चार माणसं पाण्यात उभी राहून राशींभोवती नाचत होती, आम्ही बाया पाणी तुडवत होतो. मला ओट्यावरचं आमचं बोलणं आठवलं.

"बाबा, थांबव," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचा दंड धरला.

"बाबा, आपणच ढवळतोय! बघ, टोपलीत येतंय त्याच्या दुप्पट पाण्यात पडतंय. पाण्याला शांत राहू दे. खालचं पाणी मिठाने भरेल, मग ते आणखी खाणार नाही. तासाभरात ओहोटी लागेल. तेव्हा उरलेलं काढू."

बाबा दम खात उभे राहिले. घाम की पाणी, तोंडावरून निथळत होतं.

"नक्की?"

"नक्की."

मामा फावडं न थांबवता म्हणाले, "दादा, पानी हुबं नाय. पळतंय."

बाबांनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी मामांचा शब्द कधी मोडलेला मी पाहिला नव्हता.

"फावडी ठेवा," बाबा म्हणाले. "बाय कॉलेजात शिकते. तिला कळतं."

मामांनी शेवटचं फावडं टोपलीत टाकलं, ती टोपली मामीच्या डोक्यावर दिली आणि बाहेर आले. आम्ही सगळे वरच्या बांधावर जाऊन बसलो. ऊन सरळ डोक्यावर. आईने पाण्याची कळशी फिरवली. खाली चारही राशी पाण्यात उभ्या होत्या आणि खरंच, फावडी थांबल्यावर घसरणं थांबलं होतं. पाणी निवळल्यासारखं दिसत होतं. त्या पाच-दहा मिनिटांत मला जे वाटलं ते कबूल करायला हवं. मला अभिमान वाटला. पुस्तकातली गोष्ट मी जगात लावून दाखवली होती आणि माझ्या बाबांनी माणसांदेखत माझं ऐकलं होतं.

मग मला पेंढा दिसला. भगदाडातून आत आलेला पेंढ्याचा एक पुंजका पहिल्या राशीजवळ आला. मी त्याच्याकडे बघत होते. तो राशीला चिकटून थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. राशीच्या कडेने वळला, दुसऱ्या राशीला घासून पुढे गेला आणि पलीकडच्या पडक्या वरंब्यावरून आतल्या मोठ्या तळ्याकडे निघून गेला. त्याच्यामागून दुसरा पुंजका आला. तोही तसाच गेला.

पाणी उभं नव्हतं. एका बाजूने येत होतं, राशींना धुवून दुसऱ्या बाजूने जात होतं. कसला शांत थर आणि कसलं भरलेलं पाणी! राशीपाशी भरलेलं पाणी तिथे राहतच नव्हतं. प्रत्येक क्षणाला समुद्राचं नवं पाणी येत होतं, आणि समुद्राचं पाणी आपल्याला कितीही खारट लागलं तरी ते अजून दसपट मीठ पोटात घेऊ शकतं. हेही मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.

मला ते कळलं आणि मी गप्प बसले.

का बसले, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. उठून "चुकलं, चला" एवढंच म्हणायचं होतं. कदाचित मला वाटत होतं की माझ्या बघण्यात काही चुकतंय. कदाचित ओहोटी लवकर लागेल. मी तिसऱ्या पुंजक्याची वाट बघितली, मग चौथ्याची. मामा गुडघ्यांना मिठी मारून पाण्याकडे बघत होते. बाबा माझ्या शेजारी होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. किती वेळ गेला, नक्की सांगता येणार नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पहिली रास खालून कोरली जात होती. वर ती होती तेवढीच रुंद होती आणि पाण्याच्या रेषेला बारीक होत चालली होती.

"बाबा," मी शेवटी म्हणाले, "चला परत. काढू या."

बाबा लगेच उठले, जणू बांधून ठेवलेल्या माणसाला कुणी सोडलं होतं. आम्ही वाटेतच होतो तेव्हा पहिली रास कमरेत मोडली आणि डोक्याकडून पाण्यात पडली. पाण्यावर पांढरी साय पसरावी तसं झालं आणि ती सायही वाहत गेली. दुसरी रास बाबांनी हातांनी धरायचा प्रयत्न केला. मिठाची रास कुणी हातांनी धरतं का? पण बाबा छाती लावून, हात पसरून तिला टेकून उभे राहिले आणि ती त्यांच्या दोन्ही बाजूंनी सरकून गेली. पाणी आता मांड्यांपर्यंत होतं. टोपली भरून उचलेपर्यंत ती निम्मी व्हायची. आई माझ्या पुढे होती. तिच्या टोपलीतून पाणी गळत होतं, तिच्या पाठीवरून, पदरावरून, आणि ती वर पोहोचली तेव्हा टोपलीच्या तळाशी ओंजळभर ओलं मीठ होतं. तरी तिने ते नीट रिकामं केलं आणि परत खाली आली.

ओहोटी लागली. मी म्हटल्याप्रमाणे लागली, पण तिनेही काही शांतपणे बसू दिलं नाही. आत शिरलेलं सगळं पाणी त्याच भगदाडातून बाहेर ओढलं गेलं आणि जाताना त्याने उरलेल्या दोन राशींना दुसऱ्या बाजूने खाल्लं. तीनच्या पुढे कोंडी उघडी पडली. चार राशींच्या जागी गुडघ्याएवढी चार टेकाडं होती, लाल मातीने बरबटलेली. मी वाकून एक मूठ उचलली. आमचं मीठ चौकोनी, धारदार असायचं, हाताला टोचायचं. मुठीतले खडे गोल झाले होते, तोंडात धरून चोखलेल्या खडीसाखरेसारखे. कोपरे आधी जातात. मी ओट्यावर सांगितलं होतं तस्संच ते गेले होते.

मामी बांधावर बसून रडत होती. पाच महिने तिने त्या कोंड्या पायांनी मळल्या होत्या. मामा फावडी धुवून एकावर एक रचत होते. चिखलात पडलेलं एक फावडं उचलून मी त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं, तेही धुतलं आणि रचलं.

कॉलेज सुरू झाल्यावर मी आमच्या सरांना गाठलं आणि काल्पनिक प्रश्न असल्यासारखं विचारलं, समजा मिठाचा मोठा ढीग वाहत्या समुद्राच्या पाण्यात सापडला, तर? सरांनी आनंदाने फळ्यावर आकृती काढली. स्थिर पाण्यात थर टिकतो, वाहतं पाणी तो खरवडून नेतं. "समुद्राचं पाणी मिठाच्या हिशेबाने जवळजवळ रिकामंच समज," ते म्हणाले. मग म्हणाले, "ढीग उचलून नेणं एवढाच उपाय. सांडलं तरी चालेल, पण उचलत राहायचं. प्रश्न चांगला आहे. कुठून सुचला?"

"असाच," मी म्हणाले.

दरम्यान बाबा बाजारात सगळ्यांना वेगळीच गोष्ट सांगत होते. बांध फुटला, पण पोरीने डोकं चालवलं म्हणून चार टेकाडं तरी हाती लागली, नाहीतर सगळंच गेलं असतं. मी शेजारी उभी असले की माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचे. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. असं तीन-चारदा झाल्यावर मला ते सहन होईना. एका दुपारी बाबा घराच्या मागे उघाडीच्या फळ्यांना डांबर लावत बसले होते, तिथे मी गेले.

"बाबा, मी चुकले होते."

"कशात?"

"थांबवायला नको होतं. मामा बरोबर होते. पाणी वाहत होतं."

बाबा ब्रश फिरवत राहिले. फळीचा एक कोपरा राहिला होता, तो त्यांनी पूर्ण केला.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "पेंढा मला बी दिसलेला."

मला आधी कळेना. "कधी?"

"तुला दिसला तवाच. मी तुझ्या बाजूलाच होतो ना."

"मग तू उठला का नाहीस? मला बोलला का नाहीस?"

बाबांनी ब्रश डब्यात ठेवला. बोटांना लागलेलं डांबर चिंधीने पुसायला लागले, पण ते पुसलं जात नव्हतं, पसरत होतं. "मी सगळ्यांसमोर बोललो, बायला कळतं. मंग मीच उठून फावडा मारायला लागलो असतो तर तुझा शब्द पडला असता ना. मला वाटलं, तू बोलशील. तू बोललीस की मी उठनार होतो." मग म्हणाले, "तू जरा उशिरा बोललीस, एवढंच."

त्यांनी रागावायला हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी मी त्या झेलल्या असत्या. पण ते एवढंच म्हणून पुन्हा ब्रश उचलायला लागले, आणि मला तिथून हलताही येईना आणि थांबताही येईना. चार राशींपैकी निदान एक तरी त्या वीस मिनिटांत वरच्या बांधावर गेली असती. ती माझ्या गप्प बसण्यात गेली आणि त्यांच्या गप्प बसण्यात गेली. माझं गप्प बसणं माझ्यासाठी होतं, त्यांचंही माझ्यासाठीच.

बांध पुन्हा घातला. पुढच्या हंगामात मामा-मामी आली. काम तसंच चाललं, बोलणंही तसंच, म्हणजे कमी. त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे, मामांसमोर गेले की विचारायचे, "चहा ठेवू?" त्याच्या पुढच्या वर्षी भरावाने नाल्याचं तोंड पूर्ण बुजवलं. आता उधाण आलं तरी उघाडीपर्यंत पाणीच पोहोचेना. पौर्णिमेला बाबा दार वर करून उभे राहायचे आणि समोर कोरडा चिखल. तीन अमावास्या-पौर्णिमा त्यांनी वाट बघितली. त्या वर्षी मामा-मामी डिसेंबरात आली आणि आठ दिवसांनी बोचकी उचलून परत गेली. मी तेव्हा एम.एस्सी.च्या तयारीत होते, वाचनालयातून घरी आले तर ती गेलेली होती.

बाबा सांडोरला मावशीच्या वाडीत काम करायला लागले. केळी, वांगी, पडवळ. पायांच्या भेगा पहिल्याच पावसाळ्यात बुजल्या. आई म्हणायची, बरं झालं.

मी कॉलेजात शिकवायला लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, मी मामांना शोधायला गेले. बाबांनी वाट सांगितली होती, एसटी कुठे सोडायची, कुठल्या ओढ्याच्या कडेने चालायचं. पाडा सापडला. मामांचं कुडाचं घरही सापडलं, त्याचं छप्पर खाली आलं होतं. शेजारची बाई अंगणात नाचणी झोडत होती. ती म्हणाली, म्हातारी दोन वर्षांमागे वारली. म्हातारा वीटभट्टीच्या लोकांबरोबर गेला. कुठली भट्टी ते तिला ठाऊक नव्हतं. गुजरातकडे, असं ती हात करून म्हणाली. मी तिच्याजवळ माझा पत्ता लिहून दिला. तिने तो कागद घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि कुडाच्या कामटीत खोचून ठेवला. तो कुणी वाचणार नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

परत येताना सरळ घरी न जाता मी सांडोरला वाडीत उतरले. बाबा केळींना पाणी लावत होते.

"भेटले?" त्यांनी विचारलं.

मी मामीचं सांगितलं, मामांचंही सांगितलं. बाबा फावड्यावर रेलले.

"काय सांगनार होतीस त्याला?"

"हेच, की ते बरोबर होते. आणि मला ते कळलं होतं."

"त्याला म्हाईत होतं," बाबा म्हणाले. "पहिल्यापास्नं."

"तरी मला सांगायचं होतं, बाबा."

सरी भरली होती. त्यांनी फावड्याने माती ओढून तिचं तोंड बुजवलं आणि पाणी पुढच्या सरीत सोडलं. मी चपला काढून त्यांच्यामागून चालायला लागले.